पहिल्या मीटरभरातच सगळं ठरतं

काचेच्या तंतूतून जाणारा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबलने घटतो (१० डेसिबल घट म्हणजे दहावा भाग उरणं). ऐकायला किरकोळ; पण १०० किलोमीटरवर पाठवलेल्या प्रकाशाचा एक टक्काच उरतो आणि २०० वर दहा हजारांतला एक भाग. १९८८ मध्ये सुरू झालेल्या टॅट-८ या अटलांटिकपार केबलमध्ये म्हणूनच ठरावीक अंतरावर प्रकाशाची वीज करायची, ती नीटनेटकी करायची आणि पुन्हा प्रकाश करायचा, असा खटाटोप होता. त्याच्या आदल्याच वर्षी साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल डेसुरव्हिर यांनी दाखवून दिलं होतं, की काचेत किंचित अर्बियम हा धातू मिसळला तर प्रकाश प्रकाशच राहून मोठा होतो. असा तंतू म्हणजेच प्रकाशाचा प्रवर्धक.

गंमत अर्बियमच्या स्वभावात आहे. ९८० नॅनोमीटरच्या पंप लेझरने, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या लेझरने, त्याचे आयन वरच्या पातळीवर चढवले, की ते थोडं खाली घसरून एका मधल्या पायरीवर सुमारे १० मिलिसेकंद थांबतात. अणूंच्या जगात हा मुक्कामच म्हणायचा. तेवढ्यात १५५० च्या आसपासचा संदेश जवळून गेला, तर आयन आपली ऊर्जा त्याच्याच तालात सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. काही मीटरांत हजारपट, म्हणजे ३० डेसिबल वाढ सहज मिळते.

मग तंतू आणखी लांब केला तर? इथेच फसगत होते. पंप न पोचलेलं अर्बियम संदेश वाढवत नाही, उलट गिळतं. पंपाची ताकद संपल्यावरचा प्रत्येक जादा मीटर कमावलेलं घालवणारा. अर्बियमचं प्रमाण वाढवून लांबी वाचवावी, तर आयन पुंजके करून आपसातच ऊर्जा उडवून टाकतात. काचेत ॲल्युमिनियम घातलं की ते सुटे राहतात.

पण वाढ मिळवणं त्या मानाने सोपं. खरी डोकेदुखी खरखरीची. वर थांबलेले काही आयन संदेशाची वाट न पाहता आपणहून प्रकाश सोडतात आणि तो भरकटलेला प्रकाशही पुढे संदेशाइतकाच मोठा होत जातो. मागाहून कितीही पैसे खर्चा, त्याच रंगात मिसळलेली खरखर वेचून काढता येत नाही. भरपूर वाढ देणारा असा प्रवर्धक निर्दोष असला तरी संदेश आणि खरखरीचं गुणोत्तर निम्मं होतंच, म्हणजे त्याचा खरखरीचा आकडा ३ डेसिबल. या ३ डेसिबलच्या खाली जायला क्वांटम भौतिकीच परवानगी देत नाही.

त्या मर्यादेच्या जवळ जायचं, तर तंतूच्या तोंडाशीच, संदेश आत शिरतो तिथे, जवळजवळ सगळे आयन वर चढलेले हवेत. ९८० च्या पंपाने ते जमतं. १४८० चा पंप चढवतो तसा थोडे उतरवतोही, त्यामुळे खरखर जास्त. मात्र त्याच्या प्रत्येक वॅटमागे संदेशाला ताकद अधिक मिळते. म्हणून दोन टप्प्यांची एक रूढ रचना आहे: पहिला टप्पा ९८० वर, कमी खरखरीचा, आणि दुसरा १४८० वर, जोर लावणारा. पहिल्या टप्प्याने संदेश पुरेसा मोठा केला, की दुसऱ्याची खरखर त्यापुढे नगण्य ठरते. याच हिशेबाने प्रवेशाआधीच्या जोडात अर्धा डेसिबल सांडला, तर खरखरीच्या आकड्यात तो जसाच्या तसा चढतो. बाहेर पडताना तेवढाच सांडला, तर त्या आकड्याला फारसा धक्का लागत नाही. तंतूचा जोड कुठे काळजीने करायचा, हे यावरून कळावं.

दोन टप्प्यांच्या मध्ये आयसोलेटर बसवतात, म्हणजे प्रकाशाला एकेरी रस्ता. मांडवात माईक स्पीकरसमोर धरला की शिट्टी वाजते ना? प्रवर्धकातही परावर्तन होऊन प्रकाश फिरत राहिला तर तो स्वतःच लेझर होऊन बसतो. शिवाय उलट वाहत आलेली खरखर तोंडाशी चढवून ठेवलेले आयन फुकट खर्च करते. आयसोलेटर दोन्ही थोपवतो.

सगळ्या रंगांना सारखी वाढ मिळत नाही, १५३० पाशी उंचवटा असतो; तो खास फिल्टरने छाटतात.

समुद्राखालच्या केबलींचं गणित आणखी वेगळं. मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या लांब केबलींवर असे प्रवर्धक तळाशी पडून असतात. केबलमधल्याच तांब्यातून किनाऱ्यावरून हजारो व्होल्टनी वीज मिळते. तिथे एकेकाकडून हजारपट वाढ मागत नाहीत. थोडी थोडी वाढ देणारे प्रवर्धक जवळजवळ ठेवतात, कारण संदेश फार क्षीण होण्याआधीच उचलला, तर हजारो किलोमीटरनंतर साचणारी एकूण खरखर कमी भरते.