त्वचेच्या बायोप्सीसाठी अँटी-ह्यूमन फ्लुरोसंट अँटिबॉडी: बाटली उघडण्यापूर्वी वाचा

पेम्फिगस किंवा पेम्फिगॉइड (शरीराच्याच अँटिबॉडीमुळे त्वचेवर फोड येणारे आजार) असलेल्या रुग्णाच्या त्वचेत त्याच्याच अँटिबॉडी आधीपासून चिकटलेल्या असतात. म्हणून इथे बाटलीतली पहिली अँटिबॉडी लागत नाही. एफआयटीसी हा चमकणारा रंग जोडलेली दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे माणसाच्या अँटिबॉडीलाच धरणारी अँटिबॉडी, थेट त्यांच्यावर बसते आणि निळ्या प्रकाशात हिरवी चमकते.

ऑर्डर देताना लेबल नीट बघा. आयजीजी, आयजीए, आयजीएम हे अँटिबॉडीचे प्रकार; प्रत्येकात जड (एच) आणि हलकी (एल) साखळी असते. ‘एच अधिक एल’ लिहिलेली अँटी-आयजीजी हलक्या साखळीलाही धरते आणि ती साखळी आयजीए, आयजीएममध्येही असते. मग आयजीजीच्या स्लाइडवर आयजीए उजळतो आणि रिपोर्टच फसतो. वेगवेगळे ओळखायचे तर गॅमा, अल्फा, म्यू (अनुक्रमे आयजीजी, आयजीए, आयजीएमची जड साखळी) या साखळीपुरत्या असलेल्याच मागवा.

तुकडा फोडाचा नको, फोडालगतच्या शाबूत त्वचेचा हवा. फॉर्मेलिनमध्ये तर कधीच नाही. देवगडहून रत्नागिरीला दुसऱ्या दिवशी पोचणार असेल तर सलाइन चालते. पावसात रस्ता अडेल असे वाटले तर मिशेल द्रावणच (तुकडा टिकवणारे, अमोनियम सल्फेट असलेले द्रावण) घ्या. त्यातून काढलेला तुकडा गोठवण्याआधी बफरमध्ये तीनदा, १०-१० मिनिटे धुवा. अमोनियम सल्फेट उरले की चमक मंदावते.

क्रायोस्टॅटवर (गोठवलेल्या तुकड्याचे पातळ काप करणारे यंत्र) ४ ते ५ मायक्रॉनचे काप घ्या, वाळवा, ७.२ ते ७.४ पीएचच्या बफरमध्ये ५ मिनिटे ठेवा. अँटिबॉडी किती पातळ करायची हे आमच्या सांगण्यावर सोडू नका: खात्रीच्या पॉझिटिव्ह कापावर १:२०, १:४०, १:८०, १:१६० लावून पाहा आणि जिथे चमकणारी रेघ स्वच्छ, पार्श्वभूमी काळी, ते प्रमाण धरा. ओल्या डब्यात, अंधारात ३० मिनिटे. मग ५-५ मिनिटांच्या तीन धुण्या आणि ८.५ ते ९ पीएचचे बफर्ड ग्लिसरॉल. आम्लात एफआयटीसी विझते.

कोकणात खरा त्रास दमटपणाचा. जुलैत फ्रीझरमधली स्लाइडपेटी काढल्याकाढल्या उघडली, की काचेवर दव धरते, थेंब कापावरून ओघळतात आणि त्यासोबत प्रथिनेही पसरतात. बंद पेटी अर्धा तास बाहेर ठेवून मगच उघडा. अँटिबॉडी मात्र २ ते ८ अंशांवरच ठेवा, गोठवू नका. वीज गेली की गोठणे-वितळणे होते, गुठळ्या बनतात आणि सगळीकडे हिरवे ठिपके दिसतात. ठिपके आलेच तर वापरण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट) वर ५ मिनिटे फिरवून वरचे द्रावण घ्या.

डर्मिसमधले (त्वचेच्या आतल्या थरातले) हिरवट तंतू पाहून फसू नका. फक्त बफर लावलेल्या स्लाइडवरही ते दिसले तर ती कोलॅजेन-इलास्टिनची स्वतःची चमक. ही फक्त बफरची स्लाइड प्रत्येक केससोबत ठेवाच, आणि फोटो त्याच दिवशी काढा.