उद्यमबागेतली पाळी आणि सांबऱ्याचं विमान

माझा मावसभाऊ बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. ऑर्डरी घटल्या, ओव्हरटाइम बंद झाला आणि घरात ठरलेली जयपूरची सहल सगळ्यात आधी कापली गेली. "काय विमान नि काय, चोर्ला घाटातनं गोव्याला जाऊ की!" म्हणाला. सहल मोडली नाही, आखूड झाली.

मिळकत एक टक्का हलली की मागणी किती टक्के हलते, या मापाला अर्थशास्त्रात उत्पन्न-लवचिकता म्हणतात. ज्वारी-तांदळाची लवचिकता एकच्या बरीच खाली, विमानाच्या सहलीची बहुधा एकच्या वर. म्हणून पगार दहा टक्के घटला तरी भाकरी जवळपास तेवढीच लागते. विमानाचा खर्च मात्र दहा टक्क्यांहून जास्त आटतो. २००९ च्या मंदीत जगातले आंतरराष्ट्रीय पर्यटक सुमारे ४ टक्क्यांनी घटले, त्यांच्यापासूनची कमाई मात्र सुमारे ६ टक्क्यांनी. लोक गेले, पण हात आखडून.

मजा अशी की मंदी पर्यटनस्थळी यावी लागतच नाही. २०१४ च्या अखेरीस रुबल डॉलरपुढे वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आला आणि गोव्यातली रशियन चार्टर विमानं रोडावली. किनारा तोच, शॅक तेच. खिसा हजारो मैलांवर फाटला होता.

आता सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात झालेली ही धावपट्टी. २०१७ पासून नवं टर्मिनल. इथे उतरणारं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, सत्तरेक आसनांचं. त्यातली वीस रिकामी राहिली तरी वैमानिकांचा पगार, विमानाचं भाडं, उतरण्याचं शुल्क तेवढंच; इंधनही फारसं वाचत नाही. म्हणजे शेवटच्या दहा-पंधरा तिकिटांवरच नफा-तोटा ठरतो. शिवाय विमान हे चाकांवरचं दुकान. गिऱ्हाईक पातळ झालं की कंपनी ते उचलून मोठ्या शहरांच्या मार्गावर लावते. मुंबई-दिल्लीच्या वीस फेऱ्यांतल्या दोन गेल्या तर कुणाला कळतही नाही. आपली एकच फेरी गेली की गाव नकाशावरून पुसलं जातं. छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेत कंपनीला तोट्याची भरपाई मिळते, पण साधारण तीनच वर्षं. मंदी चौथ्या वर्षी आली तर?

फाउंड्रीत ओव्हरटाइम पुन्हा सुरू झालाय. जयपूरचं काय, म्हणून परवा विचारलं. "दोन पगार हातात पडूदेत, मग बघू," म्हणाला.