४० राउंड नीट गेले म्हणजे नक्की काय कळलं?

नेमबाजीच्या मॅचच्या आदल्या दिवशी पिस्तुलात काही बदलायचं नसतं हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं, तरी मी बदललं. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) परत पुढे आणणारी स्प्रिंग, काढून थोडी हलकी घातली, ४० राउंड म्हणजे ४० काडतुसं मारली, एकही अडकला नाही, झटका मऊ, पुढचा साइट (नेम धरायची खूण) पटकन जागेवर येतोय, एकदम खूश होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या स्टेजला (मॅचचा एक टप्पा) सहाव्या का सातव्या गोळीनंतर ट्रिगर दाबला तर काहीच नाही. बघतो तर स्लाइड अर्धवट उघडी आणि आत काडतूस नाक खाली घालून रॅम्पला, म्हणजे नळीत चढायच्या उताराला, टेकून बसलेलं. मॅगझीन (काडतुसांची पेटी) ओढून काढली, स्लाइड दोनतीनदा खेचली, दुसरी मॅगझीन घातली, पुढे सुरू. सगळं मिळून ३ सेकंद गेले असतील.

३ सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण आयपीएससी प्रकारच्या, म्हणजे नेम आणि वेग दोन्ही मोजणाऱ्या मॅचमध्ये मिळालेले पॉइंट भागिले लागलेले सेकंद असा हिशोब असतो, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. १० सेकंदात ६० पॉइंट म्हणजे ६. तेच ६० पॉइंट १३ सेकंदात म्हणजे ४.६. नेम तोच, भोकं त्याच जागी, आणि जवळजवळ चौथा हिस्सा गायब. ऑलिम्पिकच्या रॅपिड फायरमध्ये ५ टार्गेटवर ५ गोळ्या आधी ८, मग ६, मग ४ सेकंदात मारायच्या असतात, तिथे निदान पिस्तुलाचा खरा दोष निघाला तर पंच सिरीज परत मारू देतात, तेही दरवेळी नाही. इकडे मात्र घड्याळ चालूच.

म्हणून स्पर्धेच्या पिस्तुलाचं ट्यूनिंग ही विचित्र चीज आहे. सगळ्यांना मऊ, हलकं, झटपट पिस्तूल हवं असतं, आणि ते तसं करण्यासाठी ज्या ज्या गोष्टी आपण करतो त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कुठेतरी त्याच्या भरवशातून थोडं काढून घेते. कसं ते आकड्यांत बघू, शाळेतलं फिजिक्स पुरतं.

साधी ९ एमएमची गोळी घ्या, १२४ ग्रेनची, म्हणजे साधारण ८ ग्रॅम. ती सेकंदाला १०४० फूट, म्हणजे ३१७ मीटर वेगाने निघाली. ग्रेन गुणिले फूट भागिले १००० केलं की १२९ येतात, हा पॉवर फॅक्टर, आणि मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या काडतुसांच्या गटात तो किमान १२५ असावा लागतो. हा आकडा म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, गोळीचा संवेग आहे फक्त जुन्या मापात. नियम करणाऱ्यांनी ऊर्जा न धरता संवेग धरला हे मला फार पटतं, कारण हाताला जो धक्का बसतो तो संवेगाचाच असतो.

आता गोळी पुढे गेली की तेवढाच संवेग मागे यायला हवा. बॅरल (नळी) आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकलेले असतात, दोघांचं वजन अर्धा किलो धरू, तर वेग येतो सेकंदाला ५ मीटरच्या जरा वर, गॅसचा धक्का धरून अजून थोडा जास्त. गंमत अशी की गोळी १० सेंटिमीटरची नळी पार करून बाहेर पडते तोवर स्लाइड जेमतेम २ मिलिमीटर सरकलेली असते. गोळी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास निघून गेली, स्लाइडचा सगळा प्रवास त्यानंतरचा: २ मिलिमीटरनंतर बॅरल मागून खाली झुकून सुटं होतं, स्लाइड एकटी मागे जाते, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, हॅमर (काडतुसाला ठोका देणारा भाग) चढवते, मागे जाऊन आदळते, परत येताना मॅगझीनमधलं वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, घालते आणि बंद होते. एक सेकंदाच्या विसाव्या हिश्शात हे सगळं आटोपतं.

या प्रवासाला लागणारं पेट्रोल किती? अर्धा किलो आणि ५.१ मीटरचा वेग म्हणजे साधारण साडेसहा जूल. रिकॉइल स्प्रिंग पूर्ण दाबायला त्यातले ३ जूलच्या आसपास जातात, थोडे हॅमर चढवण्यात, थोडे घर्षणात, उरलेले स्लाइड फ्रेमवर (हातात धरायच्या खालच्या सांगाड्यावर) आदळते तेव्हा तिथे. परत येताना मात्र स्प्रिंगमध्ये साठलेले ते ३ जूल एवढीच पुंजी. मागे जायला गोळीची ताकद आहे, पुढे यायला फक्त स्प्रिंग. पॉइंट फोर फाइव्ह इंची गोळीच्या, १९११ याच नावाच्या पिस्तुलाला पूर्वापार १६ पाउंडची स्प्रिंग असते, आणि ९ एमएमच्या स्पर्धेच्या पिस्तुलांत लोक ८-९ पाउंडपर्यंत खाली येतात. का? कारण कडक स्प्रिंग स्लाइडला जोरात बंद करते आणि तो धक्का नळीचं तोंड खाली पाडतो, साइट टार्गेटच्या खाली जाऊन मग वर येतो. हलकी घातली की तो हेलकावा कमी. पण त्याच वेळी काडतूस आत ढकलायला, काजळी धरलेल्या चेंबरमध्ये शेवटचे २ मिलिमीटर रेटायला जोरही कमी. आणि उलट हलकं काडतूस घेऊन कडक स्प्रिंग ठेवली तर स्लाइड पूर्ण मागेच जात नाही, पुंगळी बाहेर पडता पडता दारात उभी चिमटली जाते, धुराड्यासारखी दिसते.

हातही यात धरावा लागतो. स्लाइड मागे गेली म्हणतो ते फ्रेमच्या मानाने. मनगट सैल असेल तर फ्रेमही स्लाइडबरोबर मागे पळते, दोघांमधलं अंतर हवं तेवढं पडत नाही, आणि तेच पिस्तूल जे अनुभवी माणसाच्या हातात ५०० राउंड चाललं ते नवशिक्याच्या हातात दर मॅगझीनला अडकतं, मग तो म्हणतो पिस्तूल खराब. खराब काही नसतं, पण बरोबरही कोणीच नाही, कारण हात हा त्या यंत्राचाच एक भाग आहे.

स्लाइड हलकी करण्याचं एक वेड असतं, खिडक्या पाडायच्या, धातू काढायचा. दिसतं भारी. आता हिशोब करा, संवेग गोळीने ठरवलाय, तो बदलत नाही. ५०० ग्रॅमचे ४०० केले तर वेग ५.१ वरून ६.४ होतो आणि ऊर्जा साडेसहावरून ८ जूलच्या वर. वजन कमी केलं आणि आदळणारी ऊर्जा चौथाईने वाढली! हलणारं वजन कमी झाल्याने पिस्तूल हातात कमी डुलतं हे खरं, पण स्लाइड आता जास्त वेगाने पळतेय, आणि तिच्याशी शर्यत लावायची आहे मॅगझीनला. उलट स्लाइडवर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारा साइट) बसवला की ४०-५० ग्रॅम वाढतात आणि आधी जुळलेली स्प्रिंग परत बघावी लागते. पुढे कॉम्पेन्सेटर, म्हणजे नळीच्या तोंडाशी गॅस वर सोडणारा तुकडा, लावणाऱ्यांचं वेगळंच, त्याला गॅस भरपूर लागतो, वर उडालेला गॅस तोंड खाली दाबतो, पण काडतूस मिळमिळीत असेल तर स्लाइडच्या वाट्याला कमी येतं आणि मग परत तेच धुराडं.

मॅगझीनची शर्यत म्हणजे अशी. स्लाइड मागच्या टोकावरून पुढे यायला लागली की वरच्या काडतुसाच्या बुडाला धडकायला तिला काही मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात मॅगझीनच्या स्प्रिंगने ते काडतूस वर, ओठांना म्हणजे मॅगझीनच्या तोंडाच्या आत वळलेल्या कडांना चिकटवून आणलेलं पाहिजे. एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, २० भरली तर २४० ग्रॅम, म्हणजे पाव किलोचा ढीग एका झटक्यात वर उचलायचा. म्हणून भरलेल्या मॅगझीनची पहिली दुसरी गोळी त्रास देते. शेवटची गोळीही देते, तिथे ढीग हलका पण स्प्रिंग जवळजवळ उलगडलेली, दमलेली. शिवाय प्रत्येक गोळीला पिस्तूल मागे उडतं तेव्हा आतली काडतुसं जडत्वाने होती तिथेच राहू बघतात, म्हणजे मॅगझीनच्या मानाने पुढे सरकून समोरच्या भिंतीवर नाकं आपटतात. ओठ जरा फाकलेले असले की काडतुसाची पकड सुटते, नाक खाली जातं. स्पर्धेत मॅगझीन बदलताना आपण त्या धडाधड जमिनीवर टाकतो, ओठांवर पडतात, वर आपलाच पाय पडतो. आणि मग महागडं पिस्तूल घेऊन गनस्मिथकडे रांग लावतो. माझं मत विचाराल तर अडकण्याच्या तक्रारीत पिस्तूल सगळ्यात शेवटी तपासावं, आधी मॅगझीन, मग काडतूस, मग हात.

काडतुसाची एक तपासणी फार सोपी आहे. पिस्तूल रिकामं आहे ना हे दोनदा बघून बॅरल बाहेर काढायचं, तोंड खाली करून धरायचं आणि काडतूस मागून चेंबरमध्ये नुसतं सोडायचं. टक् असा स्वच्छ आवाज आला, बोटाने गोल फिरवता आलं, उलटं केल्यावर आपोआप बाहेर पडलं, तर ठीक. ९ एमएमचं काडतूस पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर टेकून थांबतं, त्यामुळे तोंड नीट मिटलेलं नसेल तर ते आधीच अडतं आणि टक् च्या जागी मऊ थप्प येतो. गोळी जास्त बाहेर राहिली तर ती नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना टेकते, फिरवताना खरखर लागते, आणि बाहेर काढल्यावर गोळीवर बारीक ओरखडे दिसतात. ऑलिम्पिकवाल्यांच्या पॉइंट टू-टू मध्ये तर काडतुसाचे लाडच पुरवावे लागतात, गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, संवेग ९ एमएमच्या एक तृतीयांश, एवढ्याशा ताकदीवर सगळं चालवायचं, वर शिशाची आणि मेणाची काजळी, म्हणून एका कंपनीच्या गोळीवर लोण्यासारखं चालणारं पिस्तूल दुसरीवर रुसतं.

रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचंही तसंच बघता येतं, १९११ मध्ये तो स्वतःच एक वाकवलेली पट्टी-स्प्रिंग आहे. स्लाइड सुटी करून रिकामी पुंगळी त्याच्या नखाखाली सरकवायची आणि हलकेच हलवायचं. पडली तर ताण कमी, सरकवायलाच जोर लागला तर जास्त. एवढंच.

ट्रिगरवर मी जास्त लिहिणार नाही. हलक्या ट्रिगरसाठी लोक हॅमरची स्प्रिंग हलकी करतात, मग कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोप्या) पेटत नाहीत, नुसता खड्डा पडतो आणि क्लिक. सिअर (हॅमर अडवून ठेवणारा आणि ट्रिगर दाबल्यावर सोडणारा भाग) आणि हॅमर एकमेकांना जिथे धरतात ती धार मिलिमीटरच्या अंशात मोजतात, ती घरी कानस घेऊन घासायची जागा नव्हे, चुकलं तर एका दाबात दोन गोळ्या सुटतात. ऑलिम्पिकच्या २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅमच्या खाली ट्रिगर चालतच नाही, वजन लटकवून तपासतात. आणि हो, कधी आवाज धड न येता फुस्स झालं तर काहीही करा पण पुढची गोळी मारू नका, आधीची नळीतच अडकलेली असू शकते.

आता माझ्या त्या ४० राउंडकडे येतो, कारण खरी चूक तिथे होती. ४० मारले, शून्य अडकले, यावरून काय कळलं? संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक सोपा हिशोब आहे. न अडकता जेवढे राउंड गेले त्याने ३ ला भागा, अडकण्याचं प्रमाण त्यापेक्षा कमी आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३ भागिले ४० म्हणजे साडेसात टक्के. म्हणजे माझ्या पिस्तुलाबद्दल मी छातीठोकपणे एवढंच म्हणू शकत होतो की ते दर १३ राउंडला एकदा याहून वाईट नसावं! ३०० राउंड स्वच्छ गेले तर कुठे १ टक्क्याच्या खाली असल्याचा भरवसा. नियम येतो कुठून तर ०.९९ ला स्वतःशी ३०० वेळा गुणा, ०.०५ उरतात. आणि १ टक्का सुद्धा चांगला नाही, १०० ला एक अडकणारं पिस्तूल १५० राउंडच्या मॅचमध्ये एकदाही न अडकण्याची शक्यता २२ टक्केच. हजाराला एक असेल तर ८६.

जॉन ब्राउनिंगने आखलेलं ते १९११ पिस्तूल अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ ला स्वीकारलं, त्याआधीच्या चाचणीत एकाच पिस्तुलातून दोन दिवसांत ६००० राउंड मारले, तापलं की पाण्यात बुडवायचे आणि परत सुरू, एकही बिघाड नोंदला गेला नाही. तीनच्या नियमाने ते येतं २००० ला एक. एवढे राउंड जाळून सुद्धा एवढंच. आणि यातली अडचण ही की तुम्ही एक जरी भाग बदललात तर मोजणी शून्यापासून.

तर मॅचनंतर मी अर्थातच हलक्या स्प्रिंगला शिव्या दिल्या, जुनी परत घातली, आणि दोन दिवसांनी सरावात काडतूस परत नाक खाली घालून बसलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की माझ्या चार मॅगझीनवर नंबरच नाहीत. पांढऱ्या मार्करने बुडाला १ ते ४ लिहिले, चारही सारख्या वापरत ३०० राउंड मारले, वहीत टिपत गेलो. चारदा अडकलं, चारही वेळा ३ नंबर. दोष मॅगझीनचा नसता तर चारही वेळा एकच मॅगझीन यायची शक्यता ६४ त एक. कॅलिपर लावला तर तिचे ओठ बाकीच्यांपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर फाकलेले.

३ नंबरला लाल टेप गुंडाळून सरावाच्या डब्यात टाकलीय. हलकी स्प्रिंग परत बसवलीय, आत्ता २१० वर आहे.