कंपवाताच्या गोळ्या नेणाऱ्या घरांसाठी

आमच्या मेडिकलमध्ये महिन्याचं खातं असलेले एक काका आहेत. दोन वर्षांत त्यांची वहीतली सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं घरच्यांना वाटलं. निघाला कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स. हात तर त्यांचा अजूनही फारसा थरथरत नाही.

मध्यमेंदूतल्या एका काळसर भागातल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरू व्हायला आणि सहज चालू राहायला ते लागतं. कंपवातात या पेशी मरत जातात. मग शर्टाचं बटण लागता लागत नाही, आवाज खोल जातो, उंबरठ्याशी पाय चिकटल्यासारखा थांबतो. चेहराही निर्विकार होतो. बाबा रुसलेले नसतात, त्यांच्या चेहऱ्याचे स्नायू साथ देत नसतात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली हा आजार लिहून ठेवला, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं त्यांचं मत होतं. आज आपल्याला माहीत आहे की उदासी, धास्ती, झोपेत ओरडणं, पुढे काहींना विसरभोळेपणा, हेही याच आजारातून येतं. त्यावरून घरात कुणाला बोल लावू नका.

लेव्होडोपा म्हणजे मेंदूत जाऊन डोपामीन बनणारं, कंपवाताचं मुख्य औषध. त्याची गोळी घड्याळ लावून द्या. आठची साडेनऊला दिली, तर मधल्या वेळात माणूस खुर्चीतून उठू शकत नाही, असंही होतं. डाळ, दूध, पनीर यांतल्या प्रथिनांमुळे तिचा असर कमी होऊ शकतो, म्हणून सहसा ती जेवणाआधी अर्धा तास देतात. लोहाची गोळी सोबत नको. सीआर (म्हणजे हळूहळू औषध सोडणारी) लिहिलेली गोळी कुटू नका. आणि एकदम बंद तर कधीच करू नका, जिवावर बेतू शकतं. आठवडाभर पुरतील एवढ्याच गोळ्या उरल्या की दुकानात या.

प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही कंपवाताची दुसरी औषधं चालू असताना कुणी अचानक ऑनलाइन रमीत पैसे घालू लागलं, भलतीच खरेदी करू लागलं, तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. लाजेपोटी लपवू नका, डॉक्टरांना लगेच सांगा.

उलटीची गोळी मागताना घरात कंपवाताचा पेशंट आहे हे आधी सांगा. मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या औषधाने हा आजार बळावतो. खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण घेत असाल तर तेही सांगा: त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतं, गोळीवर त्याची भर पडते.