साठ अंशांचा ताण

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझा आणि दक्षिण लेबनॉनच्या आकाशातून पांढऱ्या धुराच्या लडी खाली उतरतानाची दृश्ये जगभर पोचली. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने तो पांढरा फॉस्फरस असल्याचे म्हटले आणि ‘रासायनिक अस्त्र’ हा शब्द सर्रास वापरला जाऊ लागला. तो चुकीचा आहे. रासायनिक शस्त्रबंदीचा करार विषबाधेने मारणाऱ्या द्रव्यांसाठी आहे. फॉस्फरसचे हत्यार म्हणजे त्याची आग.

आगीचेही प्रकार असतात. नेपाम म्हणजे दाट, चिकट केलेले पेट्रोल. १९४२ मध्ये हार्वर्डमध्ये लुई फीझर यांच्या गटाने ते बनवले. ते जिथे पडते तिथे चिकटून जळत राहते. ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियोतली लाकडी घरे त्याने पेटली आणि सुमारे एक लाख माणसे गेली. थर्माइटमध्ये अ‍ॅल्युमिनियम थेट लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेते. त्याला हवा लागतच नाही, तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. रेल्वेचे रूळ सांधायलाही हीच क्रिया वापरतात.

पांढऱ्या फॉस्फरसला मात्र काडी लावावी लागत नाही. त्याच्या रेणूत चार अणू असतात, चौफलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या, चार कोपऱ्यांवर. त्यामुळे बंधांमधला कोन फक्त ६० अंशांचा होतो. फॉस्फरसचे बंध प्रामुख्याने पी-कक्षकांचे, म्हणजे अणूभोवती इलेक्ट्रॉन राहतात त्या एका प्रकारच्या जागांचे, आणि ते कक्षक एकमेकांशी ९० अंशांत असतात. म्हणजे प्रत्येक बंध आकाशकंदिलाच्या कामटीसारखा, प्रमाणाबाहेर वाकवून बांधलेला! गाठ सुटायला निमित्त पुरते. कोरड्या हवेत साधारण ३० अंशांना, म्हणजे आपल्या चैत्रातल्या दुपारपेक्षाही कमी तापमानाला, तो आपोआप पेटतो. चौफलकाचा एक बंध उघडून साखळी केली की झाला लाल फॉस्फरस, काडेपेटीच्या कडेवरचा. तोच अणू, पण हवेत पेटायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागते. मंत्राने होम पेटवणारे बाबाही अशाच आपोआप पेटणाऱ्या रसायनांवर जगतात. अंनिसचे कार्यकर्ते ते प्रयोग गावोगाव उघडपणे करून दाखवतात.

पांढरा फॉस्फरस पाण्याखाली साठवतात, कारण तिथे हवा पोचत नाही. म्हणूनच जखमेत त्याचे कण राहिले तर ओला कपडा वाळताच ती पुन्हा धुमसू लागते.

जळल्यावर जो ऑक्साइड बनतो, तो हवेतली वाफ अधाशासारखी शोषतो आणि फॉस्फोरिक आम्लाच्या सूक्ष्म थेंबांचा दाट पांढरा पडदा तयार होतो. सैन्याला तो हालचाल लपवायला हवा असतो. १९८० च्या पारंपरिक शस्त्रांवरील कराराचा तिसरा प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, नागरी वस्तीवर आग लावणारी शस्त्रे वापरण्यावर बंधने घालतो. पण ‘मुख्यतः आग लावण्यासाठी बनवलेली’ हीच त्याची व्याख्या. धुरासाठी बनवलेला तोफगोळा त्यातून सुटतो, आणि त्याच गोळ्यातला जळता तुकडा छतावर पडतो.