पॉयझन आयव्ही

पॉयझन आयव्ही ही उत्तर अमेरिकेत जंगलात, रस्त्याकडेला, पार्कात आणि घरामागच्या कुंपणावर सर्रास उगवणारी वेल, जिला हात लागला की बहुतेक लोकांच्या अंगावर लाल चट्टे, पाण्याचे फोड आणि झोप उडवणारी खाज उठते. शास्त्रीय नाव टॉक्सिकोडेंड्रॉन रॅडिकन्स. नावात आयव्ही असली तरी भिंतीवर चढवतात त्या शोभेच्या आयव्हीशी तिचा काही संबंध नाही. नातं आहे ते आपल्या ओळखीच्या मंडळींशी, म्हणजे आंबा, काजू आणि बिब्बा, सगळे एकाच कुळातले. पायात काटा मोडला म्हणून आजीने बिब्बा भाजून चटका दिला आणि तो नंतर उतला, हे ज्याने लहानपणी बघितलंय त्याला ही वेल वेगळी समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकेतला बिब्बा, फक्त इथे तो डबीत नसतो तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो.

ओळखायची कशी

"लीव्ह्ज ऑफ थ्री, लेट इट बी" हे इथल्या पोरांना लहानपणापासून पाठ असतं, तीन पानं दिसली की नादी लागू नको. पण पळसाला पाने तीनच आणि रासबेरीलाही तीनच, स्ट्रॉबेरीलाही तीनच, त्यामुळे नुसतं मोजून भागत नाही. मराठी माणसासाठी सोपी युक्ती म्हणजे बेलाचं पान डोळ्यासमोर आणायचं. मधलं दळ लांब देठावर पुढे आलेलं आणि बाजूची दोन जवळजवळ बिनदेठाची समोरासमोर चिकटलेली, मांडणी अगदी तीच, फक्त पान बेलापेक्षा बरंच मोठं आणि रुंद. (श्रावणी सोमवारी बेल मिळत नाही म्हणून मागच्या झाडीतून त्रिदळ तोडून आणायचा विचार कुणाच्या डोक्यात आलाच तर तो तिथेच सोडून द्यावा.) बाजूची दोन दळं सारखी नसतात, बाहेरची बाजू फुगीर आणि आतली चेपलेली, आणि कित्येकदा बाहेरच्या बाजूला अंगठ्यासारखा एक कोपरा निघतो, लहान मुलांच्या बिनबोटांच्या लोकरी हातमोज्याला असतो तसा. कडा कधी सपाट कधी दातेरी, एकाच वेलीवर दोन्ही सापडतात, म्हणून कडेवर विसंबू नये. फांदीवर ही पानं एकाआड एक येतात, आणि काटे कुठेच नसतात.

वसंतात कोवळी पानं लालसर आणि चकचकीत, थेट आंब्याच्या पालवीची आठवण होते, शेवटी भावकीच ती. उन्हाळ्यात हिरवी, कधी तकतकीत कधी अगदी मळकट. ऑक्टोबरात लाल, केशरी, पिवळी होते आणि तेव्हा ती इतकी सुंदर दिसते की फॉल कलर्स बघायला आलेले लोक फ्लॉवरपॉटमध्ये ठेवायला फांदी तोडून घरी नेतात. थंडीत पानं गळतात आणि लोक बिनधास्त होतात, पण खाज उठवणारं या वेलीचं तेल उघड्या फांदीत आणि खोडातही असतंच. तेव्हा झाडाच्या बुंध्याकडे बघायचं, वेलीला दाट तपकिरी केसांसारखी मुळं फुटलेली असतात, कुणीतरी काथ्याचा दोर झाडाला चिकटवून ठेवलाय असं वाटतं. जुनी वेल मनगटाएवढी जाडसुद्धा होते आणि लोक ती झाडाचीच फांदी समजून धरतात. फळं पांढरट, मिऱ्याएवढी, घोसाने लागतात. पक्षी ती आवडीने खातात आणि बिया टाकतात कुठे, तर जिथे बसतात तिथे, म्हणून कुंपणाच्या तारेखाली आणि मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ही हमखास उगवते, कुणी लावायला लागत नाही.

फसवणारी झाडं दोन-तीन आहेत. व्हर्जिनिया क्रीपरला पाच दळं असतात पण कोवळेपणी कधी तीन दिसतात, बॉक्सएल्डरची रोपं तर हुबेहूब तशीच, फक्त पानं समोरासमोर येतात, आणि ब्लॅकबेरीला काटे असतात. शंका असली तर हात लावून खात्री करू नये एवढंच.

हे सगळं मुख्यतः पूर्वेकडच्या आणि मध्य भागातल्या राज्यांचं. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला अंगणात भेटते ती ही. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणाऱ्याला हायकिंगला भेटतो तो पॉयझन ओक, पानं तीनच पण ओकसारखी गोल खाचांची. दलदलीत पॉयझन सुमॅक असतो, त्याला ७ ते १३ दळं. तिघांचंही तेल एकाच जातीचं आणि उपायही एकच.

तेल आणि त्याची भावकी

खरा गुन्हेगार पान नाही, त्यातलं उरुशिऑल नावाचं तेल. पान, देठ, खोड, मूळ सगळीकडे असतं आणि कुठे चिरलं-चेंगरलं की बाहेर येतं. रंग नाही, वास नाही, त्यामुळे लागलंय हे कळतच नाही. हवा लागली की ते हळूहळू काळं पडतं. नाव जपानी "उरुशी" वरून आलंय, म्हणजे जपानमध्ये ज्या झाडाच्या चिकाने लाकडी भांड्यांना तो काळा-तांबडा लॅकर चढवतात त्याचं नाव, ते झाड या वेलीचं सख्खं भावंड. रिको माजिमा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तेलाची रचना उलगडली.

आता बिब्बा आठवा. त्याचाही चीक हवेत काळा पडतो आणि कपड्यावर जाता जात नाही, म्हणूनच परीट लोक कपड्यांवर त्याने खुणा करायचे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर नाहीतर कमरेवर, जिथे धोब्याची खूण अंगाला घासायची नेमक्या तिथेच चट्टे उठायला लागले, आणि १९४३ साली अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी त्यावर लिहिलं. गंमत अशी की यातली बरीच पोरं लहानपणी गावाकडे पॉयझन आयव्हीत खेळून आलेली असणार, शरीराला तेल ओळखीचं झालेलं होतंच, बिब्ब्याने फक्त बिब्बा घातला.

काजूचंही तेच. गर निर्धोक पण टरफलातलं तेल कातडी सोलवटून काढतं, कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघितले की कळतं. १९८२ साली पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघटनेने विकलेल्या मोझांबिकच्या काजूंमध्ये टरफलाचे तुकडे राहिले होते आणि ते खाऊन ५४ लोकांच्या अंगावर पुरळ उठलं. आणि आंबा! ज्याला पॉयझन आयव्हीची ॲलर्जी आहे त्याला आंब्याच्या सालीने आणि देठाच्या चिकाने ओठांभोवती तसंच पुरळ येऊ शकतं. गराने सहसा काही होत नाही, तेव्हा साल काढून फोडी खाव्यात आणि चोखून खायची हौस आवरावी, वाईट वाटतं पण इलाज नाही.

खाजकुइलीशी मात्र याची गल्लत करू नये. खाजकुइलीची लव टोचते आणि खाज लगेच सुटते. इथे खाज लगेच सुटत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

अंगावर उठतं कसं

हे जळणं नाही, ॲलर्जी आहे. तेल कातडीत मुरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी त्याला परका समजून स्वतःच्याच कातडीवर तुटून पडतात. पहिल्यांदा लागलं तर शरीर नुसतं ओळख करून घेतं, पुरळ आलंच तर आठवडा ते तीन आठवड्यांनी येतं. पुढच्या वेळी मात्र एक-दोन दिवसांत. साधारण ८५ टक्के लोकांना ही ॲलर्जी होऊ शकते. "मला काही होत नाही" असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात, मीही त्यातलाच होतो. घर घेतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात कुंपणावरची वेल उघड्या हातांनी ओढून काढली, काही झालं नाही, शेजाऱ्याला वर ऐकवलं की आम्ही कोकणातली माणसं, चिकाला दाद देत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तेच केलं आणि तिसऱ्या दिवशी उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एका रेषेत फोड, कुणी पेनाने रेघ मारून त्यावर साबुदाणे चिकटवावेत तसे.

ती रेघ ही या पुरळाची खूण. फांदी जिथून घासत गेली तिथे ओळीने फोड येतात. जिथे तेल जास्त लागलं किंवा कातडी पातळ आहे तिथे आधी, बाकी ठिकाणी दोन-चार दिवस उशिरा, त्यामुळे पुरळ पसरत चाललंय असं वाटतं. फोडातल्या पाण्यात तेल नसतं. ते फुटून पाणी लागलं म्हणून पसरत नाही आणि नवऱ्याचं बायकोला, बायकोचं पोराला लागत नाही. लागतं ते धुवायच्या राहिलेल्या वस्तूवरून, म्हणजे बुटाची लेस, खुरपं, कारचं स्टिअरिंग, फोन आणि कुत्रा. कुत्र्याला स्वतःला सहसा काही होत नाही पण केसांवर तेल घेऊन तो सोफ्यावर येऊन बसतो. न धुतलेल्या अवजारावर तेल महिनोन्महिने टिकतं.

लागल्यावर काय करायचं

धुवायचं, ताबडतोब, आणि घासून. दहा मिनिटांच्या आत धुतलं तर साधारण निम्मं तेल निघतं, अर्ध्या तासानंतर निघण्यासारखं फारच थोडं राहतं, तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. फणस चिरल्यावर हाताचा चीक नुसत्या पाण्याने जातो का, तसंच हे, फक्त फणसाचा चीक दिसतो आणि हा दिसत नाही. भांडी घासायचा साबण घ्या, ओलं फडकं घ्या, आणि गार किंवा कोमट पाण्याखाली तीन-चार वेळा घासा, नखांच्या आतसुद्धा. टेक्नूसारखी खास औषधं दुकानात मिळतात, पण लवकर धुणं हे महागडं औषध उशिरा लावण्यापेक्षा जास्त उपयोगी. कपडे वेगळे धुवायचे.

एकदा उठलं की मग ते दोन-तीन आठवडे राहणारच, औषधाने खाज कमी होते, मुदत फारशी कमी होत नाही. गार पाण्याच्या घड्या, कॅलामाइन, ओटचं पीठ घातलेल्या कोमट पाण्यात बसणं, आणि थोडंसंच असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन मलम. फोड मुद्दाम फोडू नयेत. ॲलर्जीच्या गोळ्यांनी खाज फारशी थांबत नाही कारण ही खाज त्या जातीची नाहीच, झोप येणारी गोळी असेल तर रात्र निघते इतकंच. आणि आपल्या घरात फोड दिसला की हळद, डेटॉल, कडुलिंबाचा पाला, जे हाताला लागेल ते चोपडायची पद्धत आहे, ती इथे आवरावी, आधीच चिडलेल्या कातडीला आणखी कशाला चिडवायचं. इथले लोक ज्वेलवीड नावाच्या झाडाचा रस चोळतात, ते झाड आपल्या गौरीच्या तेरड्याच्या जातीचं, पण साबणापेक्षा ते वरचढ असल्याचं काही सिद्ध झालेलं नाही.

चेहरा, डोळे किंवा नाजूक जागी आलं, अंगाचा मोठा भाग व्यापला, ताप आला किंवा पू दिसायला लागला तर डॉक्टरकडे जायचं. ते जोरकस स्टेरॉइड मलम किंवा पोटात घ्यायला प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, आणि ते दोन ते तीन आठवडे हळूहळू कमी करत घ्यावं लागतं. मला एका दवाखान्यात सहा दिवसांचं पाकीट देऊन वाटेला लावलं, सातव्या दिवसापर्यंत हात छान आणि नवव्या दिवशी सगळं परत, आधीपेक्षा जोरात. छोट्या कोर्सनंतर असं होणं ही माहीत असलेली गोष्ट आहे, तेव्हा विचारायला लाजू नये.

काढायची असेल तर

जाळायची नाही, हे सगळ्यात आधी. धुरातून तेल घशात आणि फुफ्फुसात जातं आणि माणूस हॉस्पिटलात जातो, धूर लागून श्वासाला त्रास झाला तर सरळ ९११ हा इथला आणीबाणीचा नंबर लावायचा. पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, पातळ लॅटेक्सच्या हातमोज्यातून तेल आरपार येतं म्हणून जाड विनाइलचे घ्यायचे, आणि पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना मुळासकट उपटायची. राहिलेल्या मुळातून परत फुटते, एका वर्षात संपत नाही. शिवाय २००६ साली ड्यूक विद्यापीठाच्या जंगलातल्या प्रयोगात दिसलं की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला की ही वेल जास्त जोमाने वाढते आणि तिचं तेलही जास्त जहाल होतं.

ज्यांच्याकडे जागा मोठी आहे ते शेळ्या भाड्याने आणतात. शेळ्या ही पानं मेथीसारखी खातात आणि त्यांना काही होत नाही. फक्त काम आटपल्यावर पोरांना त्यांना कुरवाळायला जाऊ देऊ नये, त्यांच्या केसांना तेल लागलेलं असतं.