आयसोलेशन वेगळं, क्वारंटाईन वेगळं: पोराला नक्की कधी शाळेत पाठवायचं?

कोविडच्या दिवसांत पालकांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वाद झाले ते एकाच गोष्टीवरून, पोराला किती दिवस घरी ठेवायचं. कोण म्हणायचं सात, कोण म्हणायचं दहा, कोणाच्या शाळेने चौदा सांगितलेले आणि अमेरिकेत असलेला कोणाचा तरी भाऊ सांगायचा की आमच्याकडे पाचच झालेत आता. गंमत म्हणून नाही सांगत, यातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं. फक्त एक जण आयसोलेशनचे दिवस सांगत होता, दुसरा क्वारंटाईनचे, तिसरा मागच्या वर्षीचे, आणि शाळेच्या मेसेजमध्ये यातलं काहीच वेगळं केलेलं नसायचं. "कोविड असल्यास मुलांना शाळेत पाठवू नये, नियमाप्रमाणे घरी ठेवावे." कोणाला असल्यास? मुलाला की घरातल्या कोणाला? कुठला नियम? आमच्या शेजारच्या काकी शेवटी वैतागून म्हणाल्या, "चेडवाक शाळेत धाडूचा काय नाय, ता एकदा सांगा." म्हणजे पोरीला शाळेत पाठवायचं की नाही, ते एकदा सांगा. तेवढं साधं उत्तर कोणी देत नव्हतं आणि त्या माऊलीचा राग अगदी बरोबर होता.

तर आधी फरक. आयसोलेशन हे ज्याला आजार झालाय त्याच्यासाठी. टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, म्हणजे आता याच्याकडून दुसऱ्याला लागू नये म्हणून याला बाजूला ठेवायचं. क्वारंटाईन हे ज्याला झालाय की नाही ते अजून कळलेलंच नाही त्याच्यासाठी, तो पॉझिटिव्ह माणसाच्या जवळ होता, आता वाट बघायची, लक्षणं येतात का. पहिल्यात आपण बरं व्हायची वाट बघतो, दुसऱ्यात आजार बाहेर पडायची. म्हणून दिवस मोजायची सुरुवातही वेगळी, आयसोलेशन लक्षणं आली त्या दिवसापासून किंवा टेस्टच्या दिवसापासून, आणि क्वारंटाईन पॉझिटिव्ह माणसाशी शेवटचा संपर्क आला त्या दिवसापासून. हा "शेवटचा संपर्क" लक्षात ठेवा, खरा घोळ त्याच्यातच आहे.

आपल्याकडे कोकणात हे दोन एक व्हायला अजून एक कारण झालं असं मला वाटतं. आपण क्वारंटाईन शिकलो तेच मुळी शाळेत. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी यायला लागले तेव्हा गावोगावी त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं, बाकं एका बाजूला सारून तिथेच अंथरुणं, जेवण घरून डब्यात. त्या माणसांना काहीही झालेलं नव्हतं, ते फक्त प्रवास करून आले होते. तरी गावात बोलताना "तो क्वारंटाईन आहे" म्हणजे "त्याला कोरोना आहे" असंच झालं. मग गणपती आले, चौदा दिवस आधी या की नको यावर किती रण पेटलं ते सगळ्यांना आठवत असेल, शेवटी सरकारने दहा दिवस सांगितले. तरी लोकांच्या डोक्यात तेव्हापासून आधीचाच आकडा बसला, घरात कोविड म्हणजे चौदा दिवस सगळे आत. पुढे शाळा उघडल्या तेव्हा मास्तर, सरपंच, आशाताई, पालक सगळे हाच आकडा घेऊन बसले होते आणि वरून नियम मात्र दर काही महिन्यांनी बदलत होते.

बदलत होते म्हणजे किती बघा. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने होम आयसोलेशन मे २०२० मध्ये लक्षणं आल्यापासून सतरा दिवस सांगितलं. जुलैमध्ये ते दहा दिवस आणि सलग तीन दिवस ताप नसावा असं झालं, वर अजून सात दिवस घरी राहून स्वतःवर लक्ष ठेवायचं. मग ओमायक्रॉनच्या वेळी ५ जानेवारी २०२२ ला टेस्टपासून सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नको. अमेरिकेने त्याच्या आठवडाभर आधी दहाचे पाच केले होते, म्हणून तो भाऊ पाच म्हणत होता. आणि संपर्कातल्या लोकांचं क्वारंटाईन, जे चौदा होतं, तेही जानेवारीत बऱ्याच ठिकाणी सातवर आलं. झालं, दोन्ही सात! आता तर फरक सांगायची कोणाला गरजच वाटेना, सात म्हणजे सात, कशाचे विचारू नका. पण आकडा सारखा झाला म्हणून सुरुवातीचा दिवस सारखा होत नाही ना.

एक उदाहरण घेते, असं आपल्याकडे घराघरात झालंय. दोन भावंडं, मोठा नववीत तालुक्याच्या हायस्कूलला, धाकटी तिसरीत गावच्या शाळेत. मोठा सोमवारी पॉझिटिव्ह आला. त्याचे सात दिवस त्या टेस्टपासून धरले, पुढच्या सोमवारपर्यंत झाले, शेवटचे तीन दिवस ताप नाही, तो मोकळा. आता धाकटीचं काय? मोठ्याला माडीवर किंवा पडवीतल्या खोलीत खरंच वेगळा ठेवला, ताट वेगळं, न्हाणी वेगळी, तर तिचे सात दिवस त्याच सोमवारपासून सुरू. पण घर दोन खोल्यांचं असेल, न्हाणी एकच, रात्री दोघं एकाच गोधडीत, तर शेवटचा संपर्क रोजच होतोय. मग तिचे सात दिवस मोठा मोकळा झाल्यावर सुरू होतात, म्हणजे जिला काहीच झालं नाही ती मुलगी आजारी भावापेक्षा जास्त दिवस घरी! हे ऐकून आई-बाबा चिडतात, कोणीही चिडेल. तर्क मात्र चुकीचा नाही, कारण तिला शेवटच्या दिवशीही लागू शकतो आणि लक्षणं यायला काही दिवस जातात. चूक ही की हे कोणी आधी समजावूनच सांगितलं नाही. हायस्कूलने मोठ्याला आठव्या दिवशी बोलावलं, गावच्या शाळेने धाकटीला चौदा दिवस सांगितले, दोघं एका ताटात जेवणारी. मग पालकाला वाटणारच की हे मनाला येईल ते सांगतायत. आणि ज्याच्याकडे जास्त खोल्या त्याच्या पोराची शाळा कमी बुडाली, ही गोष्ट तर मला अजूनही टोचते.

वर्गाच्या बाबतीतही तेच. वर्गातला एक मुलगा पॉझिटिव्ह आला तर आयसोलेशन त्या एकाचं, बाकीच्यांचं फार तर क्वारंटाईन, तेही जे त्याच्या जवळ बराच वेळ बसले, एकत्र डबा खाल्ला त्यांचं. मोठ्या शाळेत हे जमतं. पण आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळा दोन शिक्षकांच्या, पहिली ते चौथी एका-दोन खोल्यांत, तिथे एक पोर पॉझिटिव्ह म्हणजे अख्खी शाळाच संपर्कात, आणि शिक्षकच संपर्कात असेल तर शिकवणार कोण. म्हणून तिथे शाळा बंद झाल्या तेव्हा मी मास्तरांना दोष देणार नाही. पण त्याच मेसेजमध्ये "सर्व मुलांनी आयसोलेशनमध्ये राहावे" लिहिलं की लोक घाबरले, आजी-आजोबांना वाटलं नातवंडाला झालाच, शेजारच्यांनी दूध द्यायला यायचं बंद केलं. एका शब्दाच्या जागी दुसरा गेला आणि निरोगी पोराला गावाने आजारी ठरवलं.

आता सर्टिफिकेट. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आयसोलेशनचे दिवस पूर्ण करून, ताप नसताना शाळेत गेलेल्या मुलाला "निगेटिव्ह रिपोर्ट आणा" म्हणून परत पाठवलं गेलं. केंद्राच्या नियमात स्पष्ट होतं की आयसोलेशन संपल्यावर परत टेस्टची गरज नाही. त्याला कारण आहे, आरटीपीसीआरमध्ये मेलेल्या विषाणूचे तुकडेही सापडतात आणि बरा झालेला माणूस कधी कधी काही आठवडे पॉझिटिव्हच दिसतो, तो कोणाला देत नसला तरी. म्हणजे निगेटिव्हसाठी थांबाल तर पोर महिनाभर घरी. आणि टेस्टला जायचं कसं? २०२२ च्या त्या जानेवारीत एसटीचा संप चालू होता, गाव ते तालुका रिक्षाचं भाडं भरायचं, आईची मजुरी बुडवायची, स्वॅब द्यायचा, रिपोर्टची वाट बघायची, तेही नियमात नसलेल्या कागदासाठी. क्वारंटाईनच्या बाबतीत टेस्टला अर्थ आहे, कारण तिथे प्रश्नच आहे की झालाय की नाही. आयसोलेशन संपताना तो प्रश्नच राहिलेला नसतो.

नुसती सर्दी झालेलं पोर तेव्हा यातल्या कशातच बसत नव्हतं. टेस्ट होईपर्यंत घरी, निगेटिव्ह आला आणि बरं वाटलं की शाळेत, एवढंच.

कोणी म्हणेल दोन-चार दिवस इकडे तिकडे झाले तर एवढं काय. ग्रामीण भागात पहिली ते चौथीच्या शाळा १ डिसेंबर २०२१ ला उघडल्या, जवळजवळ पावणेदोन वर्षांनी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परत बंद, २४ जानेवारीपासून परत उघडायची परवानगी आणि तीही स्थानिक प्रशासन ठरवेल तशी. दुसरीत गेलेल्या पोराने पहिलीचा वर्ग पाहिलाच नव्हता. ऑनलाईन म्हणाल तर सड्यावर चढल्याशिवाय रेंज नाही, तौक्ते वादळानंतर तर किती गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती. अशा पोराच्या हातातला एकेक दिवस चुकीच्या आकड्यापायी गेला, म्हणून आईबाप भांडत होते. त्यांना नियम नको होते असं नाही, त्यांना एकच नियम हवा होता आणि तो समजेल असा हवा होता.

कोविड मागे पडला तरी हे कामाचं आहे, कारण कांजिण्या, गोवर, गालगुंड आले की शाळेत तोच गोंधळ होतो. कांजिण्या झालेल्या मुलाने सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी राहायचं, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, हे त्या आजारी मुलाचं. त्याच्या बहिणीला काही होत नसेल तर तिला कांजिण्यांसाठी घरी पाठवायचं कारण सहसा नसतं, आजार बाहेर पडायला दहा ते एकवीस दिवस लागतात, तेवढं नुसतं लक्ष ठेवायचं, घरात कोणी गरोदर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारायचं. तेव्हा शाळेकडून चिठ्ठी आली की फोन करून विचारा, माझं मूल आजारी म्हणून घरी ठेवायचंय की संपर्कात आलं म्हणून, आणि दिवस कुठल्या तारखेपासून धरलेत. उत्तर आलं नाही तर आशाताईंना किंवा पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना विचारा आणि शाळेत परत यायची तारीख चिठ्ठीवरच लिहून मागा.